आत्याबाईंचा हात

आमच्या आत्याबाईंइतकं जोरात जगणारं माणूस चिंचवडात दुसरं नव्हतं, आणि पार पुण्यापर्यंत शोधलंत तरी सापडायचं नाही. त्या नदीवर धुणं धुवायच्या तर पलीकडच्या काठावरची माणसं मान वर करून बघायची. त्या दार लावायच्या तेव्हा कौलातली माती भाजीत पडायची. लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागल्या बाजूला असा काही आवाज झाला की मला वाटलं भिंतच पडली, मी तशीच पदर सावरत अंगणात पळाले, तर भिंत जागच्या जागी, आणि सासूबाई शांतपणे तांदूळ निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "काही नाही गं, वन्सं भाकरी थापतायत."

आत्याबाई म्हंजे ह्यांच्या सख्ख्या आत्या, माझ्या सासूबाईंची नणंद. मी चाकणच्या अलीकडल्या एका खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली, आणि जन्माची भित्री. मला कुत्र्याची भीती, विहिरीची भीती, कुणी इंग्रजी बोलायला लागलं तर त्याची भीती, आणि पदरात पोर पडल्यापासून तर ज्याची भीती वाटत नाही असं काही उरलंच नाही बाई. आणि माझ्यासमोर ह्या आत्याबाई, चाळिशी उलटलेल्या, डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला, काखेत पुस्तकं, आणि रोज सकाळच्या गाडीनं पुण्याला कॉलेजात चाललेल्या! शिकवायला नाही हो, शिकायला. नकळत्या वयात त्यांचं कुंकू गेलं, तरी काही वर्षं सासरीच राबल्या, मग भावानं, म्हंजे माझ्या सासऱ्यांनी, शाळेत घातलं, मग त्या मास्तरीण झाल्या, किती वर्षं पोरांना मुळाक्षरं शिकवली, आणि मग एक दिवस म्हणाल्या म्हणे, "अ-आ-ई पुरे झालं. आता मला हे सगळं कशाचं बनलंय ते बघायचंय." सासरे तोवर गेलेले. सासूबाईंनी विचारलं, "कशाचं म्हंजे?" तर म्हणाल्या, "तू, मी, सगळं. हा माठ सोडून, तो मातीचा." आणि गेल्या.

कॉलेजात त्यांना सगळं जमलं, फक्त एक विषय सोडून. त्याचं नाव सायटॉलॉजी. पेशींचं शास्त्र. वर्गातली विशीतली पोरं त्या विषयाचं नाव काढलं की पाणी प्यायला उठायची असं आत्याबाई सांगायच्या. पण आत्याबाई उठणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या पाठ करायच्या, आणि पाठ करायच्या म्हंजे साऱ्या आळीचं पाठ व्हायचं. विहिरीवर पाणी शेंदताना रहाटाच्या प्रत्येक ओढीला एक शब्द, "प्रोफेज! मेटाफेज! ॲनाफेज! टेलोफेज!" आणि घागर काठावर, धाड. मला पहिल्यांदा वाटलं ही कुणा साहेबाच्या चार मुलांची नावं असतील. मी एकदा भीतभीत विचारलं तर हातातलं सगळं टाकून त्या माझ्यासमोर बसल्या. शिकवायला मिळालं की त्यांच्या डोळ्यात दिवा लागायचा. म्हणाल्या, "हे बघ सूनबाई, तुझं हे बाळ तुझ्या पोटात आलं तेव्हा केवढं होतं? सुईच्या अग्राएवढंसुद्धा नाही. एक पेशी. मग ती फुटली. दोन झाल्या. त्या फुटल्या, चार झाल्या."

"फुटल्या?" मी म्हटलं. मला घामच फुटला.

"फुटल्या म्हणजे फुटल्याच! फुटत फुटत तर नाकडोळे झाले. ती चार नावं म्हणजे फुटण्याच्या चार पायऱ्या."

मी बाळीकडे बघितलं. आमची बाळी तेव्हा महिन्या-दोन महिन्याची. ती आपली मूठ चोखत पडलेली. मी विचारलं, "आत्याबाई, आता थांबली ना पण फुटायची?"

"थांबेल कशी? आत्ता तुझ्या मांडीवर फुटतेय!" असं त्या ह्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की बाळी दचकून रडायला लागली, आणि मी तिला जी घट्ट धरली ती हे कारखान्यातून येईस्तोवर सोडलीच नाही. हे पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागलेले, दुपारची शिफ्ट करून आलेले, भुकेनं कावलेले. त्यांना सगळं सांगितलं तर ते चूल विझली असताना सुद्धा इतके हसले की मला राग आला. म्हणाले, "अगं, म्हणून तर वाढतेय ती. आत्याचं खरंय." खरं असेल, पण मोठ्यानं कशाला सांगायचं? त्या दिवसापासून रोज सकाळी बाळीचा लंगोट जरा घट्ट बसला की मला आनंद व्हायच्या आधी धडकी भरायची.

पण सायटॉलॉजीत आत्याबाई अडल्या त्या डोक्यानं नाही, हातानं. त्याचं असं, की पेशी फुटताना बघायची तर कांद्याची कोवळी मुळं लागतात. पाण्यावर कांदा बसवून ठेवला की त्याला खालून पांढरी दाढी येते. त्यातल्या एका मुळीचं अगदी टोक, तांदळाच्या कणीएवढं, कापायचं, लाल रंगात घालायचं, दिव्यावर जरासं ऊन करायचं, काचेच्या पट्टीवर ठेवायचं, त्यावर नखाएवढी एक अभ्रकासारखी पातळ काच ठेवायची, वरून टीपकागद धरायचा आणि अंगठ्यानं दाबायचं. बस. पण ते दाबणं नेमकं पाहिजे. कमी दाबलं तर पेशी गर्दी करून एकमेकींच्या अंगावर बसतात, भिंगातून काही म्हंजे काही दिसत नाही. आणि जास्त दाबलं तर काच जाते. आत्याबाईंची काच जायची. त्यांची काच गेली की शेजारच्या वर्गात कळायचं. त्यांचे सर मोठे मिठ्ठास बोलणारे. म्हणाले होते, "बाई, आपण पेशी पाहायला बसलो आहोत, पापड लाटायला नव्हे." आत्याबाई म्हणाल्या, "सर, पापड मी याहून जोरात लाटते." हे त्या अभिमानानं घरी येऊन सांगायच्या! वर्गातली पोरंसुद्धा त्यांना आत्याबाईच म्हणायची, आणि त्यांनी वळून नेलेले डिंकाचे लाडू कॉलेजच्या मागं जाऊन दगडानं फोडून खायची.

चैत्रातल्या परीक्षेला सगळं लेखी पार पडलं आणि प्रात्यक्षिकाला पहिली काच फुटली, दुसरी फुटली, तिसरी राहिली पण आत पेशींची चटणी. नापास. वाईट वाटायला त्यांना वेळच नव्हता, कारण लांबच्या एका गावी मुलींच्या हायस्कुलात शास्त्राचा वर्ग निघणार होता आणि तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं होतं, की ऑक्टोबरच्या परीक्षेला पास झालात तर दिवाळीनंतर या, नाही तर आम्हाला दुसरं कुणी तरी बघावं लागेल. म्हंजे ऑक्टोबरात पास झाल्या तर मुलींना भिंग दाखवणार, नाही तर परत पोरांसमोर पाटी-पेन्सिल. आत्याबाई ते सांगताना हसत होत्या, पण हातातल्या पोलक्याचं बटण त्यांनी इतकं ओढलं की ते तुटून माझ्या कपाळावर बसलं.

आता ऑक्टोबर म्हंजे चातुर्मास. आणि चातुर्मासात आमच्या सासूबाई घरात कांदा-लसूण येऊ द्यायच्या नाहीत. कांदेनवमीला घरातला होता नव्हता तेवढा कांदा भजी नि थालीपिठं करून संपवायचा, माझ्या माहेरून आलेलं चाकणच्या कांद्याचं गोणतंसुद्धा वाटून टाकायचं, टोपल्या धुऊन पालथ्या घालायच्या, की मग कार्तिकापर्यंत नाव नाही. त्या वर्षीही तसंच झालं. आणि मग आषाढाच्या अखेरीस एक दिवस सासूबाई फडताळातून कापूर काढायला गेल्या, तर मागं ओळीनं पेले, पेल्यांवर कांदे, आणि कांद्यांना दाढ्या.

"वन्सं! हे काय आहे?"

"मटेरियल," आत्याबाई म्हणाल्या.

"हा कांदा आहे."

"वहिनी, खायला आणला तर कांदा. मुळं फुटायला ठेवला की मटेरियल."

"मग तुमच्या मटेरियलला वास कशाचा येतोय?"

ह्यावर आत्याबाई आणखी मोठ्यानं बोलायला लागल्या. मी बाळीला घेऊन कोठीत जाऊन बसले. शेवटी ठरलं की मटेरियल घरात नको, गोठ्यात ठेवा. गोठ्यात आमची कपिली. दोन दिवस सगळं बरं चाललं आणि तिसऱ्या सकाळी बघतो तर पेले आडवे, कांदे नाहीत, आणि कपिली ओठ चाटत समाधानानं उभी. तेवढ्यानं संपलं असतं, पण सासूबाईंनी नेमाप्रमाणं ताजं दूध देवापुढं ठेवलं, आणि मग चहात घातलं, आणि पहिल्याच घोटाला त्यांचा चेहरा जो झाला तो मी मरेपर्यंत विसरायची नाही. चातुर्मासात देवाला कांद्याच्या वासाचं दूध! त्यांनी तो सबंध दिवस उपास केला, देवाची क्षमा मागितली, आणि आत्याबाईंशी बोलणं बंद केलं. बोलणं बंद म्हंजे एकमेकींसमोर बसून माझ्या मार्फत बोलायच्या. "सूनबाई, सांग त्यांना, भात वाढलाय." "सूनबाई, सांग वहिनीला, मला ऐकू आलंय." मी भातासारखी मध्ये शिजत होते.

नवे आणलेले कांदे मग पलीकडच्या हमीदाभाभींच्या खिडकीत गेले. त्यांचे मालक सायकली दुरुस्त करायचे, खिडकीत तेलाचे डबे आणि चेनी, आणि त्यांच्या मधोमध आत्याबाईंचे दाढीवाले कांदे. हमीदाभाभी म्हणायच्या, "आत्याबाई, तुमी बेफिकीर ऱ्हावा, पोरासारखं सांभाळते मी. पण इम्तिहान झाल्यावर कांदे आमचे!" आत्याबाई रोज सकाळी गाडीला जाताना तिथून पेला उचलायच्या आणि गाडीत मांडीवर धरून बसायच्या. एकदा तळेगावाकडून आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं की ह्या कांद्याला काय झालंय, पुण्याच्या दवाखान्यात नेताय का? आत्याबाईंनी त्याला खडकीपर्यंत पेशी शिकवली. तो शिवाजीनगरला उतरायचा तो खडकीलाच उतरला म्हणे.

आणि त्या रांगोळीचं तर सांगायचं राहिलंच. चातुर्मासात आमच्याकडे बायका दारात गोपद्मं काढायचा नेम धरतात. आत्याबाईंनी काय करावं? त्यांना आकृत्यांचा सराव पाहिजे होता आणि कागद तर एवढा कुठून आणायचा, म्हणून त्यांनी ओट्यावर रांगोळीनं पेशी काढायला सुरुवात केली. भलं मोठं वर्तुळ, आत जाड दोऱ्यासारख्या रेघा, दुसऱ्यात त्या रेघा मधोमध रांगेत उभ्या, तिसऱ्यात निम्म्या इकडे निम्म्या तिकडे ओढलेल्या, शेवटी एकाची दोन वर्तुळं. समोरच्या घरची थोरली सून पाणी घेऊन चाललेली थबकली. जुन्या शेतकरी घरातली ती.

"आत्याबाय, ह्यो कंचा नेम हाय?"

"हा विभाजनाचा," आत्याबाई रांगोळी सोडत म्हणाल्या.

"कुनी सांगितला?"

"पुण्याच्या सरांनी."

"मंग काय मिळतं यानं?"

"एकाचे दोन होतात."

झालं! आठवडा उलटायच्या आत आमच्या आळीत दारोदार पेशी फुटायला लागल्या. बायकांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, एकीनं तर वर्तुळाच्या मधोमध दिवा ठेवला. आत्याबाईंनी त्यांना खरं सांगितलं नाही असं नाही, सांगितलं, ओरडून सांगितलं, पण बायका म्हणाल्या तुमचं शास्त्र तुमच्यापाशी, आमी आपला नेम धरलाय तो मोडायचा न्हाई. मग आत्याबाईंनी हात टेकले, पण चुकीची आकृती त्यांना बघवायची नाही. स्टेशनावर जाता जाता एकेका ओट्यापाशी थांबून त्या सांगायच्या, "अगं, मेटाफेजला मधल्या रेघेवर उभं कर त्यांना, कडेला काय जत्रेला गेल्यात का?" पुढं त्या थोरल्या सुनेला जुळी झाली. मी खोटं कशाला सांगू, अख्ख्या गावाला माहीत आहे.

तर असं सगळं हसतखेळत चाललेलं होतं, पण हात काही हलका होत नव्हता. कॉलेजात त्यांना जास्तीचा सराव करू द्यायचे, पण काचा आपल्या आपण आणायच्या. डबीच्या डबी फुटून जायची. सासूबाई म्हणायच्या, मला उद्देशून, "त्यांना सांग, उंबऱ्यावर आधी सराव करावा, उंबरा तरी फुटायचा नाही." आणि एक गोष्ट होती जी कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होती. आत्याबाईंच्या हातात बाळीला कुणी देत नव्हतं. मुद्दाम नाही हो. पण त्या जवळ आल्या की सासूबाई तिला उचलायच्या, नाही तर मी उचलायची, नाही तर तिला नेमकी भूक लागायची. आत्याबाईंनासुद्धा ते कळलेलं. त्या पाळण्यापाशी यायच्या तेव्हा दोन्ही हात पाठीमागं बांधून उभ्या राहायच्या, मिठाईच्या दुकानासमोर पोरं राहतात तशा. आणि लांबूनच म्हणायच्या, "फुटतेय बरं का, झकास फुटतेय."

परीक्षा अगदी तोंडावर आलेली. सासूबाई देवळात कीर्तनाला गेलेल्या, हे शिफ्टला, मी न्हाणीघरापुढं बाळीला न्हाऊ घालून पुसून घेतलेली, शेजारी तेलाची वाटी. आत्याबाई दुपारच्या गाडीनं आल्या. दार लागल्याचा आवाजच आला नाही. मी घाबरलेच. बघते तर त्या हळूच आत आल्या, पिशवी भिंतीशी ठेवली, अगदी हळू ठेवली, आणि पायरीवर बसल्या.

मी विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"शेवटची डबी गेली," म्हणाल्या. "सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, बाई, तुमचा अभ्यास वर्गात सगळ्यात चांगला आहे, पण ह्या हाताला मी काय शिकवू?"

मग आपले दोन्ही तळहात समोर धरून त्या बघत बसल्या. रुंद, घट्टे पडलेले हात. "सासरी सगळ्यांआधी उठवून जात्यावर बसवायचे मला. मुकाट्यानं दळ म्हणायचे. सबंध घराचं दळण. मी सगळा जीव त्या खुंट्यात घालायची गं. हळू कर असं ह्या हाताला कधी कुणी म्हटलंच नाही. आता ह्यांनी तरी काय करावं?"

बाळी माझ्या पायांवर पालथी पडून मान हलवत होती, तिला उताणी केली, तिची टाळू अशी आपली धकधक धकधक वरखाली होत होती. न्हाणं झाल्यावर टाळू भरायची ती नेहमी सासूबाईच. मला स्वतःला भीती वाटायची. डोक्याला हाड असतं ते तिथं नसतं, नुसतं कातडं आणि खाली जीव. आत्याबाई लांबून तिकडे बघत होत्या, हात पुन्हा पाठीमागं गेलेले. आणि माझ्या तोंडून काय निघून गेलं, मला आजही कळत नाही कसं निघालं, मी म्हटलं, "आत्याबाई, टाळू भरता का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच परीक्षा घेतेय. म्हणाल्या, "माझा हात माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग?"

मी तेलाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. मी म्हटलं, "मग काय, तेल गार होतंय."

त्या जवळ आल्या. वाटीत बोटं बुडवली. एक थेंब खाली पडला, दुसरा पडला, पण बोटं काही बाळीपर्यंत पोचेनात. मध्येच थांबायची, माघारी जायची. आत्याबाईंचा श्वास मला ऐकू येत होता. मी देवाचं नाव घेत होते, आणि खरं सांगते, एक हात मी बाळीच्या डोक्याखाली असा तयार ठेवला होता की जरा काही झालं तर ओढून घेईन. मग त्यांनी बोटं टेकवली. टेकवली म्हंजे काय, फुलपाखरू बसावं तशी. टाळू खालून वर आली की बोटं वर, खाली गेली की बोटं खाली. तेल हळूहळू जिरत गेलं. बाळीनं डोळे मिटले. आत्याबाईंच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मग त्या पुटपुटल्या, "एवढंच. एवढंच दाबायचं असतं होय."

दारात सावली पडली. सासूबाई कीर्तनातून परत आलेल्या. मी जीव मुठीत धरला. म्हटलं आता घर डोक्यावर घेणार. त्या उंबऱ्यावर उभ्या राहून बघत राहिल्या, बाळीकडे, नणंदेच्या बोटांकडे. मग आत येऊन वाटीला हात लावला आणि सरळ त्यांच्याशीच, माझ्या मार्फत नाही, म्हणाल्या, "वन्सं, उद्या तेल जरा कोमट करून घ्या. आणि आधी मधोमध, मग कडेनं."

मग रोज टाळू आत्याबाईंनीच भरली. परीक्षेपर्यंतच नाही, पुढंही. ह्यांनी नव्या काचांची डबी आणून दिली. दोन-तीन दिवसांनी दुपारी लांबून, स्टेशनच्या वाटेवरून आरडाओरडा ऐकू आला, कुत्री भुंकायला लागली, आणि सासूबाई म्हणाल्या, "आल्या." आत्याबाई चपला हातात घेऊन धावत येत होत्या. "वहिनी! अख्खी राहिली! काच अख्खी! आणि आत सगळे, अगं सगळे, प्रोफेज काय, मेटाफेज काय! एक तर मधोमध उभी राहून निम्मी निम्मी चाललेली! सरांनी साऱ्या वर्गाला बोलावून दाखवली!" सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, आता हात पाय धुवा." पण त्या दिवशी त्यांनी शिरा केला, आणि हमीदाभाभींकडे वाटीभर पाठवला.

परीक्षेच्या दिवशी सासूबाईंनी हातावर दही घातलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आत्याबाईंच्या भिंगात डोळा घातला तो काढलाच नाही म्हणे, शेवटी आत्याबाईंनीच त्यांना दुसऱ्यांचं बघायची आठवण केली. हे आत्याबाईंनी सांगितलेलं आहे, म्हंजे थोडं कमी करून धरा. पण पास झाल्या हे खरं. निकाल कळला तेव्हा आमच्या आळीतल्या बायका आपलाच नेम फळाला आल्यासारख्या ओट्यांवर येऊन उभ्या होत्या.

पास झाल्या, म्हणजे जाणार, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी आपली पास व्हाव्यात, पास व्हाव्यात म्हणून नवस बोलत होते, आणि ट्रंक बाहेर निघाली तेव्हा मला कळलं की मी कशाचा नवस बोलले. स्टेशनवर सासूबाई त्यांना सारखं काही तरी सांगत होत्या, डबा ह्या पिशवीत आहे, पाणी त्या तांब्यात आहे, आणि आत्याबाई चक्क ऐकून घेत होत्या. बाळीला त्यांनी एकदा घेतली आणि माझ्या हातात परत दिली. तिच्या झोपेत खंड पडला नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. परवा तिकडचं एक ओळखीचं माणूस भेटलं, ते सांगत होतं की नव्या शास्त्राच्या बाईंचा आवाज ऐकून पहिल्या दिवशी दोन मुली वर्गातून पळाल्या, आणि बाकीच्या अजून बाकाच्या कडेवर बसतात. हे पोट धरून हसले. मला मात्र त्या मुलींचं ऐकून गलबलून आलं. मला वाटतं एकदा जावं, त्या वर्गाच्या दारात उभं राहावं आणि त्या पोरींना सांगावं, की बायांनो, मी ह्या गावातली सगळ्यात भित्री बाई, आणि मी सांगते, ह्यांना घाबरू नका, जवळ बसा. जायचं फार मनात आहे. पण वाटेत गाडी बदलावी लागते म्हणतात, आणि बरोबर कुणी नाही.